नाठाळ मुलीची हुशारी

'मुलगी हुशार आहे हो!' हे वाक्य आपल्याकडे दोन सुरांत म्हटलं जातं. पहिला सूर दहावीच्या निकालाच्या दिवशीचा. पेढ्यांचा पुडा उघडा असतो, शेजारच्या काकू दारात उभ्या असतात आणि आईच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नसतो. दुसरा सूर खालच्या पट्टीतला. तो दार लोटून घेऊन, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी लावला जातो : 'हुशार आहे हो ती, जरा जपून!' शब्द तेच आणि मुलगीही तीच. मधल्या काळात झालेलं असतं इतकंच, की प्रश्नपत्रिकेची उत्तरं देणारी मुलगी आता स्वतःच प्रश्न विचारायला लागलेली असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कुणालाही न विचारता तिनं काहीतरी करायला घेतलेलं असतं.

पहिला सूर दुसऱ्यात नेमका कुठं मिसळतो, याची गोष्ट सांगणारी एक अमेरिकन कादंबरी अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या मुलीनं मला आणून दिली. नाव भलतंच लांबलचक : 'द डिसरेप्युटेबल हिस्टरी ऑफ फ्रँकी लँडाऊ-बँक्स'. मराठीत म्हणायचं तर फ्रँकीचा 'बदलौकिकाचा इतिहास'. लेखिका ई. लॉकहार्ट. हे टोपणनाव, खरं नाव एमिली जेन्किन्स. कादंबरी २००८ साली आली, त्याच वर्षी अमेरिकेच्या 'नॅशनल बुक अवॉर्ड'च्या अंतिम यादीत पोचली आणि २००९ मध्ये किशोर साहित्यातला 'प्रिंट्झ ऑनर' हा मान तिला मिळाला. अशी पुस्तकं 'मुलांची' म्हणून बाजूला ठेवायची आपल्याला सवय असते. हे मात्र घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं वाचावं असं आहे, आणि वडीलमाणसांनी जरा आधी.

गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या अलाबास्टर नावाच्या निवासी शाळेत घडते. शाळा काल्पनिक आहे, पण तिचे सख्खे भाऊबंद त्या भागात खरोखर आहेत. अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ सालची, एक्झिटरची १७८१ सालची. श्रीमंत घरातल्या मुलांना मोठ्या विद्यापीठांच्या दाराशी नेऊन सोडणाऱ्या या शाळा जवळजवळ दोनशे वर्षं फक्त मुलांच्या होत्या. एक्झिटरनं मुलींना १९७० साली दार उघडलं. अँडोव्हरमध्ये मुली आल्या त्या १९७३ साली, शेजारची मुलींची ॲबट अकॅडमी तिच्यात विलीन झाली तेव्हा. दार उघडलं, वसतिगृहं बांधली गेली, मुली वर्गात पुढच्या बाकांवर बसू लागल्या. पण भिंतीवरच्या तसबिरी त्याच राहिल्या. संस्थापक, देणगीदार, मुख्याध्यापक, सगळे पुरुष. फ्रँकी ज्या शाळेत शिकते तिथली हवा ही अशी आहे.

फ्रँकी पंधरा वर्षांची. आपल्या हिशेबानं दहावीतली. तिचे वडील याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि फ्रँकीचं नावही वडिलांच्याच नावावरून ठेवलेलं. तरीही घरात तिला लाडानं म्हणतात काय, तर 'बनी रॅबिट', म्हणजे आमचं सशाचं पिल्लू! वादविवादात भल्याभल्यांची भंबेरी उडवणारी ही मुलगी घरच्यांच्या लेखी अजून कुणीतरी सांभाळायची वस्तू आहे. बारावीतला मॅथ्यू तिच्या प्रेमात पडतो, तेव्हा त्यालाही ती गोड वाटते. गोड वाटते हीच पंचाईत आहे. कारण मॅथ्यूचं एक दुसरं जग आहे. त्याचे मित्र, त्यांचा म्होरक्या अल्फा, त्यांचे अर्धवट तोडलेले संवाद आणि फ्रँकी आली की थांबणारं हसणं.

या जगाचं नाव 'लॉयल ऑर्डर ऑफ द बॅसेट हाउंड्स'. लोंबत्या कानांच्या शिकारी कुत्र्यांच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मुलांचं एक गुप्त मंडळ. फ्रँकीचे वडीलही कधीकाळी त्याचे सभासद होते. जुने मित्र भेटले की ते मुलीसमोरच त्याबद्दल सूचक बोलतात, डोळे मिचकावतात आणि विषय बदलतात. मुलीनं विचारलं तर म्हणतात, 'काही नाही गं.' हे 'काही नाही गं' कोणत्या मराठी घरात ऐकू आलेलं नाही?

वाचकाला वाटेल, शाळकरी पोरांच्या मंडळाचं एवढं काय? चार पोरं रात्री भिंतीवरून उडी मारून बाहेर जाणार आणि कुठंतरी बसून बिअर पिणार. कादंबरीतही बॅसेट मंडळी फारसं काही करत नाहीत. पण त्यांच्या मैत्रीचा उपयोग शाळा सुटल्यावर सुरू होतो. येल विद्यापीठात १८३२ साली स्थापन झालेलं 'स्कल अँड बोन्स' नावाचं असंच एक खरंखुरं गुप्त मंडळ आहे. २००४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी जॉर्ज बुश आणि जॉन केरी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पक्ष वेगळे, भाषणं वेगळी. पण दोघेही तरुणपणी याच मंडळाचे सभासद! येलच्या पदवीच्या वर्गात १९६९ साली मुली आल्या. या मंडळात त्यांना घ्यायची गोष्ट निघाली १९९१ साली. त्या वर्षीच्या विद्यार्थी सभासदांनी मुलींची निवड केली, तेव्हा माजी सभासदांनी मंडळाच्या इमारतीची कुलपंच बदलून टाकली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि अखेर मतदान होऊन मुलींना प्रवेश मिळाला. वर्गाचं दार आणि कुलपाआडची ती खोली यांत बावीस वर्षांचं अंतर पडलं. फ्रँकीला त्या खोलीत जायचंय.

ती काय करते? ती रडत नाही, मॅथ्यूला विनवत नाही आणि मुख्याध्यापकांकडे तक्रारही करत नाही. ती मॅथ्यूचा माग काढते, मंडळाचा जुना, हस्तलिखित इतिहास शोधून काढते आणि मग अल्फाच्या नावानं एक ई-मेल खातं उघडते. त्या खात्यावरून बॅसेट मंडळींना हुकूम जाऊ लागतात. मुलं इमानेइतबारे कामाला लागतात. एका रात्रीत शाळेतल्या थोर पुरुषांच्या तसबिरींवर बायकांची अंतर्वस्त्रं चढतात आणि तसबिरी सगळ्या पुरुषांच्याच आहेत, हे अनेक वर्षांत प्रथमच शाळेच्या लक्षात येतं. जेवणघरातल्या डबाबंद बिटांविरुद्ध बंड होतं. 'गप्पी' हा शाळेचा लाडका मासा, म्हणजे त्याचा पुतळा, पळवला जातो. खोड्या सगळ्या हसवणाऱ्या, पण प्रत्येकीच्या पोटात एक प्रश्न दडलेला. शाळाभर चर्चा, कौतुक, दरारा. आणि हे सगळं श्रेय जातं अल्फाला. आपण हे केलेलंच नाही, असं अल्फा बोलत नाही. कसं बोलेल? म्होरक्याला ठाऊक नसताना मंडळ चालतंय, हे कबूल करणं म्हणजे म्होरकेपण सोडणंच की!

इथं माझ्यातली बँक अधिकारी जागी झाली. दुसऱ्याच्या नावानं आदेश देणं याला आमच्या धंद्यात क्षमा नसते. सहीचा एक फर्राटा चुकला तर चेक परत करणारी आम्ही माणसं. मराठीत याला तोतयेगिरी म्हणतात आणि तोतया म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. पण जरा थांबून पाहिलं, तर दोघांत मोठा फरक आहे. भाऊंचा तोतया दुसऱ्याचं नाव घेऊन मान मिळवू पाहत होता. फ्रँकी दुसऱ्याचं नाव घेऊन काम करते आणि मान त्याच्याच पदरात पडू देते. तिच्या स्वतःच्या नावानं तेच हुकूम गेले असते, तर एकाही मुलानं बूट घातले नसते. तिचं वागणं खोटं होतं, यात शंका नाही. पण तिचं खरं नाव चालत नाही अशी व्यवस्था कुणी केली, हाही हिशेब मांडायला हवा. नोंदीची एकच बाजू पाहून खतावणी जुळत नाही.

मी १९८२ साली बँकेत कारकून म्हणून लागले आणि पुढं परीक्षा देऊन अधिकारी झाले. आमच्या शाखेत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी एक सहकारी होती. सस्पेन्स खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या नोंदी तिनं तीन महिने संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून एकेक करून सोडवल्या. जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे, त्यांची धूळ, बाजूला थर्मासमधला थंड झालेला चहा. तपासणीसाठी वरिष्ठ साहेब आले तेव्हा त्यांना ते काम दुसऱ्याच एका अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं; कारण रात्री साहेबांबरोबर जेवायला तो गेला होता. बाई त्या जेवणाला नव्हत्या. त्यांना बोलवायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं. बोलवावं हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. कुणाची बदली कुठं, कुणाला कोणती शाखा, हे सगळं अशाच जेवणांत, पत्त्यांच्या डावांत आणि गाडीतल्या गप्पांत ठरायचं. आम्हा बायकांना ते कळायचं लिफाफा हातात पडल्यावर.

त्या अधिकाऱ्याला पुढं चांगली शाखा मिळाली. बाईंबद्दल सगळे एकमुखानं म्हणत, 'फार सिन्सिअर!' बँकेच्या बोलीत पुरुष 'डायनॅमिक' असे आणि बाई 'सिन्सिअर'. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा त्या बाहेर पडल्या. निरोपाच्या समारंभात साडी आणि नारळ देऊन झाल्यावर व्यवस्थापक म्हणाले, 'बाई म्हणजे आपल्या शाखेच्या आईच!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फ्रँकीचं 'बनी रॅबिट' वाचताना मला ती 'आई' आठवली. एक लहान करून ठेवणारं नाव, दुसरं मोठं करून ठेवणारं. दोन्ही अत्यंत प्रेमळ. आणि दोन्ही नावं धारण करणारीला खुर्चीपासून हातभर लांबच ठेवणारी.

अशा गोष्टीत लेखिका सहज कडवट होऊ शकली असती. लॉकहार्टबाई तशा होत नाहीत, कारण त्यांच्या नायिकेला भाषेचं विलक्षण वेड आहे. फ्रँकी पी. जी. वुडहाउस वाचते. (हे महाशय १९०० ते १९०२ अशी दोन वर्षं लंडनला हाँगकाँग अँड शांघाय बँकेत नोकरीला होते आणि त्यांना ती मुळीच मानवली नाही. बँकेच्या दारातून साहित्यात आलेल्या आम्हा सगळ्यांचे ते मूळपुरुषच!) 'असंतुष्ट' अशा अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाचा नकार काढून टाकून वुडहाउसनं १९३८ सालच्या एका कादंबरीत 'संतुष्ट'साठी मजेदार शब्द वापरला. फ्रँकी तोच खेळ पुढं नेते. नकाराची शेपटी पुढून लागलेले शब्द शोधायचे, शेपटी तोडायची आणि उरलेला शब्द ऐटीत वापरायचा.

मराठीत हा खेळ फार छान खेळता येतो. 'अश्लील' दिवसातून दहादा कानावर येतं, नुसतं 'श्लील' कुणी म्हणत नाही. 'बेफाम' माणसं पुष्कळ, पण एखादा गृहस्थ अगदी 'फाम' आहे असं ऐकलंय? 'अफाट' मैदान असतं. मग आमच्या सोसायटीसमोरचं इवलंसं अंगण 'फाट' म्हणायला हरकत नसावी. 'बेसुमार'ची गंमत वेगळीच. शेपटी तोडली की जो 'सुमार' उरतो, तो बिचारा भलत्याच अर्थानं कामाला लागलेला! व्युत्पत्तीच्या पंडितांनी इकडं काणाडोळा करावा. पण या खेळातला माझा सगळ्यात आवडता शब्द सापडला तो 'नाठाळ'. नाठाळ मुलगी आपल्याला चांगली ठाऊक असते. मग जी नाठाळ नाही, सांगितलं तेवढं करते, विचारलं तरच बोलते, ती 'ठाळ' मुलगी म्हणायची! शब्दकोशात हा शब्द नसेल. पण मुलींना वाढवताना आपण इतकी वर्षं नेमकं काय घडवत आलो, ते सांगायला याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

शाळेत फ्रँकी 'शहर, कला आणि निषेध' असा एक विषय शिकते. तिथं तिला जेरेमी बेंथॅमनं अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या एका तुरुंगाची कल्पना भेटते. गोलाकार इमारत, भोवती कोठड्या, मधोमध पहारेकऱ्याचा मनोरा. मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी दिसते, पण मनोऱ्यात कुणी आहे की नाही हे कैद्याला कधीच कळत नाही. मग तो सतत कुणीतरी पाहतंय असं धरूनच वागतो. पहारेकऱ्याची गरजच उरत नाही. मिशेल फूको या फ्रेंच विचारवंतानं १९७५ साली या तुरुंगावरून आधुनिक समाजाचं चित्र काढलं. आपल्याला ते समजायला फ्रान्सला जावं लागत नाही. चाळीतल्या मुलीला समोरची गॅलरी पुरे असते. काकू गॅलरीत असोत वा नसोत, मुलगी ओढणी सारखी करूनच जिना उतरते. आमच्या बँकेत साहेबांची काचेची केबिन होती. साहेब आत फोनवर असले तरी काउंटरवरच्या माना खालीच असत. फ्रँकीच्या लक्षात एवढंच येतं की शाळेतली मुलं नियम पाळतात ती शिक्षेच्या भीतीनं कमी आणि या सवयीनं जास्त. सवय मोडता येते, हे एकदा कळलं की मुलगी धोकादायक होते.

निवासी शाळांच्या गोष्टींची परंपरा जुनी आहे. 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' १८५७ सालचं. आपल्याकडं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला आणि आमच्या पिढीतल्या मुलींनीही त्याची सायकल मनातल्या मनात चालवली. एनिड ब्लायटननं मुलींच्या निवासी शाळांवर कितीतरी पुस्तकं लिहिली. १९४० साली तिनं 'शाळेतली सर्वांत खोडकर मुलगी' रंगवली, एलिझाबेथ. पुढं त्याच मालिकेत ती शहाणी होते आणि मॉनिटर बनते. खोडकर मुलीला बिल्ला लावला की गोष्ट सुफळ संपूर्ण. आपण लहानपणी ते वाचून समाधानानं पुस्तक मिटलं. लॉकहार्टबाई हे समाधान देत नाहीत.

कादंबरीची सुरुवातच फ्रँकीच्या कबुलीजबाबानं होते. डिसेंबर २००७ मध्ये मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र : हे सगळे उद्योग माझे, मुलांनी फक्त सांगितलेलं केलं. पुढं वाचताना कळतं, की अल्फावर शाळेतून काढलं जायची पाळी आली, म्हणून ते पत्र लिहिलं गेलं. भोळा वाचक अपेक्षा करतो की आता तरी मुलं म्हणतील, 'अरे वा, ही आपल्या सगळ्यांची गुरू निघाली! हिला मंडळात घ्या.' तसं होत नाही. मॅथ्यू चिडतो. तिच्यात काहीतरी बिघाड आहे, असं त्याला वाटतं. जी करामत अल्फाची म्हणून डोक्यावर घेतली, तीच फ्रँकीची म्हटल्यावर विकृती ठरते. करामतीत काना-मात्रेचाही फरक झालेला नाही; फक्त खालची सही बदलली आहे. तिला शाळेतून काढत नाहीत, पण प्रेम जातं, तो कंपू जातो आणि ज्या हसऱ्या टोळक्यात बसायला ती एवढी धडपडली, त्याच्याकडं लांबून पाहणं उरतं. त्या टोळक्याची ओढ तिच्या मनातून गेलेली नाही, हे लेखिका लपवत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. बंडखोर मुलीला एकटेपण बोचतच नाही असं सांगणारी पुस्तकं मुलींना फसवतात.

एका गोष्टीत माझं फ्रँकीशी जुळत नाही. ज्या मंडळानं तिला बाहेर ठेवलं, ते मोडावं असं तिला वाटत नाही. तिला त्याचीच गादी हवी आहे. तिच्या खोलीत राहणारी ट्रिश साधी, विश्वासू मैत्रीण आहे, पण ट्रिशला घेऊन काही नवं उभारावं हे तिच्या डोक्यात येत नाही. डोळे सारखे त्या बंद खोलीकडं. बँकेत आम्ही बायका दुपारच्या डब्याला गोल करून बसायचो, तेव्हा आमचंही लक्ष अर्धं साहेबांच्या केबिनकडंच असायचं. वास्तविक त्या गोलात शाखा चालवायला लागणारी सगळी अक्कल बसलेली होती. लोणच्याच्या बरणीभोवतीचं आमचं ते मंडळही कमी बलवान नव्हतं. पंधराव्या वर्षी फ्रँकीला हे दिसावं अशी अपेक्षा करणं जुलमाचं होईल.

आज आपल्या घरातल्या कितीतरी मुली शिक्षणासाठी लांब राहतात. कुणी वसतिगृहात, कुणी परगावी भाड्याच्या खोलीत. आपण त्यांना फोनवर काय विचारतो? जेवलीस का, वेळेवर झोपतेस का, उशिरा बाहेर नाही ना जात? काळजीचेच प्रश्न, आणि ते विचारावेच. पण त्यांना जोडून आणखी एखादा प्रश्न विचारता येईल : तिथं निर्णय कोण घेतं, आणि तू त्यात असतेस का? असशील तर तुझं म्हणणं तुझ्या नावानं मांडलं जातं, की दुसऱ्या कुणाच्या? उत्तर ऐकायची तयारी मात्र हवी. कारण ती सांगेल ते कदाचित आपल्याला आवडणार नाही. कदाचित तिनं एखादा नियम मोडलेला असेल आणि तो का मोडला, हे ती आपल्याला तासभर पटवून देत बसेल.

तेव्हा ओट्यापाशी जाऊन आवाज खाली आणायचा मोह होईल. तो आवरावा, आणि पेढ्यांच्या दिवशी लावला होता तोच मोकळा सूर लावून तिला विचारावं, 'बरं, मग पुढं काय ठरवलंयस?' ठाळ मुलींनी घरं नीट राखली, शाखांचे हिशेब जुळवले, निरोपाला साड्या घेतल्या. आता थोडी घरं नाठाळ मुलींच्या हुशारीचीही असू द्यावीत.